तोंडात खजूर

थापा मारण्यात सौदीतल्या अख्ख्या जुबैलमध्ये माझा हात धरणारा कोणी नव्हता. फक्त बायकोपुढे माझं चालायचं नाही. ती पहिल्याच शब्दाला पकडायची. आखाती युद्ध पेटलं तेव्हा आमची सोळा वर्षांची सलमा शाळेच्या विद्यार्थी-अदलाबदल योजनेत वर्षभरासाठी जर्मनीला, एका गोऱ्या कुटुंबात राहायला गेली होती. एकदा क्षेपणास्त्र-हल्ल्याचा सायरन वाजला, आम्ही दोघं गॅसचे मास्क चढवून, फटींना चिकटपट्टी लावलेल्या खोलीत बसलो, आणि नेमका तिचा फोन.

"अब्बा, आवाज असा का येतोय?"

"तोंडात खजूर आहे गं!"

"आणि तो भोंगा?"

"कारखान्याची शिफ्ट सुटली. तुझी बावळट आई मात्र त्यालाही उगाच घाबरते!"

बायको शेजारी कलमा पुटपुटत होती, तिनं मला कोपर मारलं. पोरगी काही हसेना. म्हणून मी मास्क कपाळावर सारला आणि मोकळ्या आवाजात म्हणालो, "घे, गिळला खजूर. आता सांग, तिथं पाव-बटाट्यांशिवाय काही खायला घालतात का?"

ती रडायलाच लागली.

"अब्बा, इथं टीव्हीवर सगळं दाखवतायत. आधी मास्क लावा. बोलू नका. नुसता श्वास घ्या, मी ऐकते."