बुंदीच्या दारावरचं गोनपाट

मी मूळची वेरूळच्या अंगची. लेण्या बघाया जगभराची मानसं येत्यात, पन आमचं गाव डोंगराच्या मागल्या बाजूला, तिकडं कुनी येत नसायचं, आली तर रानडुकरं यायची. माझे आबा दुसऱ्याच्या रानात मक्याची राखन करायचे, आन् राखनीसाठी आमच्या घरी कारवानी कुत्री असायची, उंच, लांब तोंडाची, बरगड्या दिसत्यात अशी, पळाया लागली की पाय भुईला टेकतो का नाय ते कळायचं नाय. अशा घरात मी जल्मले, आन् काय सांगू तुम्हाला, साऱ्या गावात भित्री मीच. पालीला भ्यायची, विजेला भ्यायची, कुनी मोठ्यानं हाक मारली तरी हातातलं भांडं खाली. आई म्हनायची, राखनदाराच्या पोटी आन् सशाचं काळीज. अंगाची चन बी माझी लहान, आता बगा की, पन्नाशी उलटून गेली तरी फळीवरचा डबा काढाया मला पाट लागतो.

आबांचे कुत्र्याच्या बाबतीत नेम होते, आन् ते कुनी मोडायचे नाय. एक म्हंजे नर थोर बघावा. कुत्री माजावर आली की आबा तिला दोरीला लावून पार सिल्लोडच्या बाजूला घेऊन जायचे, कुन्या पाटलाकडं थोराड नर हाय म्हनून कानावर आलं की निघाले. गाईला जसा वळू बघत्यात तसं. दुसरा नेम पिल्लाचा. पिल्लू कुनाला फुकट द्यायचं नाय आन् पैशानंबी द्यायचं नाय, पायलीभर बाजरी घ्यायची, आन् ती बाजरी आपन नाय खायची, तिच्या भाकरी करून त्या पिल्लाच्या आईलाच घालायच्या. मला हा नेम लई आवडायचा. तिचं लेकरू नेता ना, मंग तिच्या पोटाला घाला, सरळ हिशेब हाय.

आन् तिसरा नेम गोनपाटाचा. त्याचीच तर सारी गोष्ट हाय. कुत्री व्यायला झाली की खोपटाच्या दाराला गोनपाट लावायचं, आन् पिल्लांचे डोळे उघडेस्तवर कुनी आत बघायचं नाय. मानसाची सावली पडली तर आई पिल्लं खाती, असं आबा म्हनायचे. खोटं नाय हो, मी बघितलंय. शेजारच्या काकूनं एकदा कौतुकानं गोनपाट उचललं, आन् दुसऱ्या दिवशी एक पिल्लू अर्धं खाल्लेलं. आता शहरातली जनावराची दागदरीन बाई म्हनती, ते मेलेलं जल्मलं आसंल म्हनून आईनं खाल्लं आसंल. आसंल बी. पन त्या वयात मला कोन सांगनार, मी तवापासून गोनपाटाकडं पाठ करूनच खोपटापुढून जायची.

मोठ्या कुत्रीला पिल्लं लई होत्यात. खंडीभर. आई दमून जाती, अंग टाकती, ते कधी कधी पिल्लावरच. मंग गोनपाटाच्या आडून चीं चीं आवाज यायचा, आन् एकदम बंद व्हायचा. मी म्हनायची, आबा, बगा ना, कुनीतरी खाली सापडलं. आबा दुसरीकडं तोंड करून बिडी वढत बसायचे, म्हनायचे, नेम हाय. आबांना वाईट वाटत नव्हतं असं नाय, बिडी विझून जायची तरी वढत बसायचे. पन उठायचे नाय. तो आवाज बंद होनं हे जे हाय ना, ते माझ्या कानात बसलं ते बसलंच.

मंग लग्न होऊन शहरात आले, मुकुंदवाडीला. कुत्र्यांचा संबंध सुटला, मला बरंच वाटलं. नितीन माझा एकुलता. त्याच्या येळंला मी मरता मरता वाचले. मी अशी एवढीशी, मालक माझे सहा फुटाचे, लेकरू बापावर गेलेलं, डोकं हे एवढं. दोन दिस अडले. दवाखान्यात पडद्याच्या आड मी कन्हत होते आन् पडद्याच्या भायेर सासूबाई आन् मालकांची आत्या म्हनत होत्या, होईल, होईल, बाईच्या जातीला काय नवं हाय. ते होईल होईल ऐकून मला वाटलं, ह्या बायका माझी माती करून घरी जानार. मंग पोट फाडून काढलं त्याला. त्याच्यामागं दुसरं लेकरू झालं नाय मला, आन् खरं सांगू का, मी भ्याले बी होते.

मालक वारले. नितीन वाळूजला कंपनीत लागला, लग्न केलं, सून आली स्वाती, गुनाची पोरगी. तिनं येताना माहेराहून बुंदी नावाची कुत्री आनली. पामेरियन, पांढरीफेक, वीतभर जीव, चालाया लागली की कापसाचा बोंडका गडगडत चालल्यावानी. मला आधी तिचीबी भीती वाटायची, चावंल म्हनून नाय, पायाखाली येईल म्हनून. मी घरात पाय घासत चालाया शिकले.

आता ऐका, चूक कुठं झाली ती. गल्लीतली मानसं म्हनाया लागली, नितीन, बुंदीची पिल्लं झाली तर एक आमाला दे. नितीनला हौस आली. पोरगा वाईट नाय हो, कुत्र्यावर जीव हाय त्याचा, आन् आबांच्या गोष्टी माझ्याच तोंडून ऐकलेल्या. म्हनला, आई, आपल्याकडं पिढ्यान्‌पिढ्याचं ज्ञान हाय. नर थोर बघावा. आन् गेला बुंदीला घेऊन, कुन्या बंगल्यावरच्या पांढऱ्या कुत्र्याकडं. मी संगं गेले होते, फाटकातून तो नर बघितला आन् म्हनलं, अरे नितीन, हा तिच्या तिप्पट हाय रे. तो हसला, म्हनला, तुला तर मांजर बी वाघच दिसतं. भित्र्या मानसाचं असं असतं बगा, रोजच भितो म्हनून ज्या दिवशी खरंच भ्यावं त्या दिवशी कुनी ऐकत नाय.

बुंदीचं पोट वाढाया लागलं. रोज बघायची मी, रोज हात लावायची. पायरी चढंना, बसली की उठंना. स्वाती म्हनली, जनावराच्या दागदरला दाखवू. नितीन म्हनला, कुत्रीला कसला दागदर, आबांनी कधी नेली होती का? जिन्याखालच्या खोपच्यात त्यानं तिला जागा केली, जुनी लुगडी टाकली, आन् दाराला काय लावलं तर गोनपाट. कुठून पैदा केलं ठाऊक नाय. ते बघितलं मी, येवढ्या वर्सांनी परत तेच माझ्या दाराला. कामावर जाताना म्हनला, आई, व्यायला झाली तर नेम ध्यानात ठेव, कुनी आत बघायचं नाय.

आन् त्याच दिवशी, भर दुपारी, बुंदी आत गेली. लुगडी उकरायचा आवाज आला. मी आन् स्वाती भायेर बसलो, मी सवयीनं पाठ करून. आधी ती कन्हली, मंग धापा टाकल्या, मंग परत कन्हली. पिल्लाचा आवाज काय येईना. दुपार कलाया लागली. स्वाती पदर चावत होती, मला आत्या म्हनती ती, म्हनली, आत्या, बघू का? मी म्हनलं, नको गं, खाईल ती. म्हनलं आन् माझ्या तोंडून पुढं काय निघालं म्हाईत हाय का, होईल, होईल. माझ्याच तोंडातून. माझ्या सासूचा शब्द. मला तो पडदाच दिसला डोळ्यापुढं. आन् तेवढ्यात आतलं कन्हनं बंद झालं.

बंद. तुम्हाला नाय सांगता यायचं मला, काय झालं माझं ते. उचललं तर पिल्लं खाईल, नाय उचललं तर मरंल, आन् आबा मेलेले तरी मला समोर बिडी घेऊन बसलेले दिसत होते. मी म्हनलं, आबा, माफ करा, आन् दोन्ही हातानं गोनपाट वढलं ते खिळ्यासकट खाली.

बुंदी आडवी पडली होती. खालून हिरवंकाळं पानी गेलेलं, पिल्लू नाय. मला वाटलं गुरगुरंल, चावंल. तिनं मान उचलली, सरकत सरकत आली आन् हनवटी माझ्या पायावर ठेवली. सावली पडली होती ना माझी तिच्यावर, सगळी सावली, तर ती सावलीतच येऊन पडली. स्वाती रडाया लागली, मी तिला म्हनलं, रडू नको, तुझी शाल आन.

गल्लीच्या तोंडाला सलीमभाईची रिक्षा असती. त्यानं बघितलं, शीटवरची भाजीची पिशवी खाली ठेवली आन् म्हनला, बैठो खाला, खाला म्हंजे मावशी. क्रांती चौकात ही गर्दी, पुढं बस, मागं बस, सिग्नल सुटंना. बुंदीचं अंग माझ्या मांडीवर गार पडत चाललेलं. मी मोठ्यानं रडाया लागले, मला लाज बी वाटंना. सलीमभाई मागं वळून म्हनला, रो नको खाला, पहुंचा देता मैं, आन् हॉर्नवर हात ठेवला तो दवाखान्याच्या दारातच काढला.

दागदरीन बाई तरुन पोरगी होती. तिनं हात लावला, विचारलं, नर केवढा होता? मी माझ्या मांडीपाशी हात दाखवला. तिनं बुंदीचं पोट परत चाचपलं. म्हनली, मावशी, एक पिल्लू आडकलंय, डोकं मोठं हाय, वाट लहान हाय. फाडावं लागंल, आन् एवढ्याशा जिवाला भूल सोसती का नाय ते मी आत्ता सांगू शकत नाय. मी म्हनलं, बाई, मलाबी असंच फाडलं होतं, तुमी करा.

आमी बाकड्यावर बसलो. नितीन कंपनीच्या कपड्यात पळत आला, तोंड पांढरं पडलेलं. मला वाटलं ह्याला चांगलं फैलावर घ्यावं, पन त्याचं तोंड बघून राग आला तसा गेला. मी म्हनलं, नितीन, तू असाच आडकला होतास रे. आबांचा नेम आबांच्या कुत्रीचा होता. ती घोड्यावानी उंच, तिला नर थोर चालतो. ही कुठं, ती कुठं. तो खाली फरशीवरच बसला आन् माझ्या गुडघ्याला डोकं लावलं. एवढा मोठा बाप्या, पोरावानी रडला.

दोन पिल्लं निघाली. आडकलेलं मेलेलं होतं, मागचं जितं. बुंदीची पिशवी काढून टाकली, आता परत हा भोग नाय तिला. दागदरीन बाईनं नितीनला समोर बसवून सांगितलं, लहान कुत्रीचा नर तिच्याहून लहान नाय तर बरोबरीचा पायजे, आधी तपासून घ्यायचं, पोटात किती हायेत, केवढी हायेत बघायचं, आन् ती कुंथत आसंल तर वाट बघत बसायचं नाय. आन् मोठ्या कुत्रीला बी एकटं सोडायचं नाय, म्हनली, दमलेली आई पिल्लावर झोपती, तिथं कुनीतरी बसावं लागतं. ते ऐकलं आन् मी जाग्यावरच डोळे पुसले. आमच्या खोपटात कुनीतरी बसाया पायजे होतं. मी तर बसले आसते हो, भीत भीत का व्हईना.

घरी आनल्यावर बी धाक संपला नाय. पिल्लाला पाजता पाजता बुंदी एक दिवस थरथर कापाया लागली, पाय ताठ, डोळे फिरले. परत सलीमभाई, परत क्रांती चौक. दुधात तिच्या अंगातला चुना, क्यालशियम का काय ते, सारा निघून गेला म्हने, सुई दिली तवा थांबलं. मला आता पंख्यानं कापड हाललं तरी वाटतं बुंदीच कापती.

पिल्लू आता वाढलंय. नर हाय, बापावर गेलाय, आईच्या वर डोकं निघालंय, खेळता खेळता तिला पाडतो. तिलाच त्याचं कौतुक, पडती आन् परत त्याचे कान चाटती. आन् परवा काय झालं बगा, पलीकडच्या गल्लीतली एक बाई आली, काखेत तिची चिमुकली कुत्री, बुंदीहून बी लहान. म्हनली, मावशी, तुमचा नर चांगला थोर निघाला हो, आमच्या पिंकीला दाखवू का? मी काय बोलायच्या आत नितीन आतून आला. म्हनला, नाय ताई, आमच्या नराचं आपरेशन करायचं ठरवलंय, आन् तुमी आधी आईपाशी बसा, आई काय सांगती ते ऐका. बसली ती. मी सांगितलं, आत्ता तुम्हाला सांगितलं तसंच, सारं. पिंकीला तिनं छातीशी धरली आन् घरी नेली. जाताना तिनं विचारलं, मंग हे पिल्लू तरी देता का? मी म्हनलं, देत नाय, आन् कधी दिलंच तर पायलीभर बाजरी घेऊन या, पैसे नको. तेवढा एक नेम मी आबांचा ठेवलाय.

ते गोनपाट नितीननं धुतलं आन् बुंदीच्या खाली अंथरलं. त्याच्यावर झोपती ती. सकाळी उठून मी वंदना घेते, भवतु सब्ब मंगलं म्हनते, सब्ब म्हंजे सगळे, कुत्र्या बी आल्या त्यात, सिल्लोडच्या वाटेनं दोरीला लावून नेलेल्या त्या बी आल्या. मंग जिन्याखाली वाकून बघते, बुंदीचं पोट हालतंय का. हात लावायचं भ्या वाटतं, म्हनून नुसती बघत उभी राहते. हालतंय. मंग जाऊन चहा ठेवते.