अरुंधती दिसली का, ताई?

"...शिंपीकाकांची नजर गेली म्हणे, मशीन विकून मुलाकडे जाणार, आणि म्हणूनच रोज संध्याकाळी गच्चीवर जाऊन..."

आणि लिफ्टचं दार बंद! इस्त्रीवाली दूधवाल्याला सांगत सांगत गेली वर, मी खाली लटकलेली! असं अर्धवट सोडून जातात का कुणी? गच्चीवर जाऊन काय? म्हणजे तसं मला मेलीला काय करायचंय म्हणा! पण तळमजल्यावरच्या काकांशिवाय माझे कपडे कुणी शिवले नाहीत हो. माझी मापं आता नव्या माणसाला सांगू? या वयात? म्हणून वाळलेले कपडे आणायच्या निमित्तानं... ते दुपारीच आणले होते, ते सोडा... गेले वर!

काका कठड्याला टेकलेले, मान आभाळात. मी मोबाईलची बॅटरी मारली तोंडावर.

"विझवा ते आधी! डोळ्यांना अंधाराची सवय होऊ द्या, ताई."

थांबले. आणि तुम्हाला सांगते... एकेक करत बाहेर यायला लागले हो! इथे एक, तिथे दोन, पाण्याच्या टाकीवर तर मूठभर! "लुकलुकतो तो तारा, लुकलुकत नाही तो ग्रह," काका म्हणाले. मग काय, मी टाचा उंचावून, "हा लुकलुकतोय! तो नाही! काका, ग्रह! ग्रह!" अहो, एवढं सगळं डोक्यावर असताना मी इतकी वर्षं लोकांच्या खिडक्या बघत बसले!

"ते सप्तर्षी. पतंगासारखे. शेपटीतला मधला वसिष्ठ, त्याला खेटून बारीकशी अरुंधती. ती दिसतेय तोवर माझे डोळे ठणठणीत! मुलगा उगाच मशीन विकायला निघालाय. दिसली का, ताई?"

"दिसली की!"

कसलं डोंबल दिसतंय! नुसता वसिष्ठ!

मग त्यांच्या मागोमाग दुकानात. मला मेलीला काय करायचंय, पण गेले! काका सुईत दोरा ओवतायत... दोरा सुईच्या डावीकडून, उजवीकडून, एकदा तर अंगठ्यावरूनच गेला! मी सुई ओढून घेतली, एका फटक्यात ओवली.

"काका, अरुंधती दिसते आणि सुईचं नाक दिसत नाही?"

काका हळूच, "खरं सांगा ताई, वसिष्ठाशेजारी काय दिसलं?"

"...काळोख."

दुसऱ्या दिवशी दोघंही चष्मेवाल्याकडे! मशीन राहिलं, काका राहिले. नजर गेली होती, इस्त्रीवाली अगदीच खोटं नव्हती बोलत... फक्त जवळची त्यांची, आणि लांबची माझी! अरुंधती दिसते हो आता, टिकलीएवढी, लख्ख! आणि समोरच्यांच्या स्वयंपाकघरातलं घड्याळ दहा मिनिटं मागे आहे, तेही दिसतं... म्हणजे तसं मला मेलीला काय करायचंय म्हणा!