झाकलेला डबा

मायहो, बाप्पाहो, सरपंच भाऊ,

वेचणीचे दिवस असून तुमी सारे आले. काही जणी तं वावरातून सरळ आल्या, लुगड्याले अजून कापूस चिकटून हाये. आपल्या कुसुमबाई असत्या तं म्हणाल्या असत्या, "अवो, आंधी पाणी प्या, मंग बोला." बाई नाहीत म्हणून आपण इथं बसलो, हेच मले पटून नाही राहिलं.

मले भाषण येत नाही. या बालवाडीत खिचडी शिजवाची आन लेकरायचे नाकं पुसाचे, हे माहं काम. शिकवाचं काम कुसुमबाईचं. तुमाले वाटत असन, सुनंदा रडून राहिली. रडून तं राहिलीच. पण खरं सांगू? मले भेव वाटून राहिलं. लय भेव.

परवा बाईच्या छातीत दुखलं. दवाखान्यात नेतांनी गाडीत त्यायचं डोकं माह्या मांडीवर होतं. तिवसा मागं पडलं, तवा त्यायनं कमरेची बालवाडीची किल्ली काढली आन माह्या मुठीत कोंबली. म्हणाल्या, "सुनंदे, दिवाळीत कुलूप लावू नोको." बस्स, एवढंच. अमरावतीले पोचाच्या आंधीच गेल्या.

आज सकाळी सरपंच भाऊ म्हणाले, "बाई नाहीत, सण तोंडावर आला, सध्या बंद ठेवू. दिवाळी झाली की पाहू." भाऊ, राग नका मानू. तुमचे नातू अमरावतीत शिकतात. आमचे पोट्टे कुठं जातीन? माय वेचणीले गेली का तिच्या मागं वावरात, नाही तं घरात कडी लावून. सांगा ना, कुठं जातीन?

बाई दिवाळीत बालवाडी काहून उघडी ठेवत, ठाऊक हाये? एका वर्षी त्यायनंही कुलूप लावलं होतं. भाऊबीजेले अकोल्याले भावाकडं गेल्या होत्या. आपल्या दुर्गानं लहान्या चिंगीले वावराच्या धुऱ्यावर निंबाखाली बसवलं, हातात भाकर देली, आन कपाशीचं तास धरून वेचत गेली. मान वर केली तं निंबाखाली पोरगी नाही. चिंगी विहिरीच्या काठावर बसली होती. पाय आत सोडून. एकेक बोंड पाण्यात टाकून राहिली होती, आन बुडते का पाहून राहिली होती.

दुर्गानं हाक नाही मारली. हाक मारली तं पोरगी दचकन ना! मागून गेली, पोटाले धरून ओढली, आन मंग बोंबलली. थे बोंब अख्ख्या शिवारानं ऐकली. थे पाहा, चिंगी तिकडं भिंतीपाशी बसली हाये. आता मोठी झाली. पण तिची माय अजून विहिरीकडं पाठ करून वेचत नाही.

निरोप भेटला तशा बाई त्याच सांजेले अकोल्याहून परत आल्या. ओवाळणीचं ताट तसंच राहिलं. तवापासून दिवाळीत कुलूप नाही.

आन फराळाचं तं तुमाले ठाऊकच हाये. पयले ज्याच्या घरी काही नसे थो बालवाडीतल्या फराळाच्या दिवशी लेकरू पाठवतच नसे. लाजेपायी. मंग बाईनं डबा झाकून आणाची रीत काढली. सगळ्यायनं डबा आणाचा, वरतून फडकं बांधाचं. एकेकीनं स्वयंपाकघरात एकटीनं जाचं. आत भांडे मांडलेले, बेसनाचा गंज, साखरेचा गंज, पोह्यायचं टोपलं. बाई उंबरठ्यावर पाठ करून बसत. कोणी डब्यातलं त्यात टाकलं, कोणाचा डबा रिकामाच होता, कोणालेच ठाऊक नाही. फराळ मात्र साऱ्या लेकरायले सारखा.

एका वर्षी बेसनाचा गंज भरला आन थोड्या वेळानं पाह्यलं तं अर्धा! मी बोंबलली, "बाई, कोणीतरी आत जाऊन भरून नेलं वो!" बाईनं मान नाही वळवली. म्हणाल्या, "तिच्या घरी लागत असन. आपण लाडू लहान वळू." आन म्हणाल्या, "सुनंदे, हे बाहेर बोलशीन तं थे बाई पुढच्या वर्षी येणार नाही. लेकरूही नाही येणार." मी त्या वक्ती म्हटलं, तुमाले कशाचंच भेव नाही बाप्पा! तं हसल्या. "भेव वाटते म्हणूनच तं कुलूप उघडा लागते, बावले."

मले वाटे, बाई गंमत करून राहिल्या. आता किल्ली माह्याजवळ हाये आन रात्री डोळा लागत नाही. डोळे मिटले का थे विहीर दिसते, आन पाय आत सोडलेले.

बाई, उद्या सकाळी मी कुलूप उघडीन. भेव वाटन, पण उघडीन. गंज घासून ठेवले हायेत. उंबरठ्यावर तुमच्यासारखीच पाठ करून बसीन. मायहो, डबा झाकून आणा. रिकामा असला तरी आणा. भरून नेला तरी चालन. पण लेकरू संगं आणा.

आता उभे राहा. बाईसाठी थोडा वेळ कोणी बोलू नका. आन ऐका. या वक्ताले या खोलीत कान फाटतीन इतका गलका असते. कुलूप लागलं तं इथं असंच चिडीचूप राहीन, आन आपले पोट्टे कुठं हायेत, थे आपल्याले ठाऊक नसन.

बाई, रामराम.