जमीन उपेची, घर तेन्रीचं

हॅलो?… हॅलो! कोण बोलतंय?…

उपे होय! अरे मोठ्याने बोल जरा, इथे अख्खा गाव अंगणात जमलाय…

हो, तेन्रीच बोलतेय, तुझी बहीण. दुसरं कोण उचलणार माझा फोन?… पोरं बरी आहेत ना? बरं, बरं. हे बघ, मी घाईत आहे, संध्याकाळी कर ना…

आनंदाची बातमी? ती तर तू रविवारीच दिलीस. तुझा तो निरोप मी तीनदा ऐकला, मावशीला ऐकवला, इमामसाहेबांनाही ऐकवला. ‘ताई, जमीन विकली, तयारीला लाग.’ लागले की तयारीला…

कसली म्हणजे? तूच म्हणालास ना…

पाहुण्याच्या स्वागताची? कुठला पाहुणा?…

जकार्ताचे विदार्तो साहेब. बरं. त्यांनीच जमीन घेतली, कळलं. मग?… येणार आहेत? कधी?… आज! अरे आज येणार असं कुठे बोललास तू?…

नाही रे, आज नाही जमणार पाहुणा. आज घर हलवतोय ना आम्ही…

घर. आपलं. माझं… हलवतोय म्हणजे हलवतोय! उचलून! लाकडाचंच तर आहे, खांबांवरचं. खाली बांबू बांधून झालेत, जड सामान कालच उतरवलं. जुम्म्याची नमाज झाली, पुरुष सगळे आलेत…

का म्हणजे? जमीन विकलीस ना तू? मग माझं घर काय दुसऱ्याच्या जमिनीवर उभं ठेवू?…

काय?… थांब, थांब. पुन्हा सांग. हळू…

घरासकट?…

नाही, मला नाही कळलं. हे बघ, जमीन बाबांनी तुला दिली. बरोबर? घर आईने मला दिलं. गावातल्या शेंबड्या पोराला विचार, तेही सांगेल. मग घरासकट विकलंस कसं?…

फोटो?… फोटोत घर होतं म्हणून? अरे त्या फोटोत मीही होते, जिन्यापाशी मासळी वाळत घालताना! मलाही विकलंस की काय?…

हसू नकोस… हसत नाहीयेस? मग तो कसला आवाज?…

अहो मावशी, भातावर झाकण घाला, माश्या बसतायत!… तुला नाही रे. साएनाब मावशी. तिच्याच आवारात नेतोय घर. म्हशींचा गोठा होता ना तिचा, मशिदीच्या मागे? तो पाडला तिने माझ्यासाठी. फार लांब नाही, चारशे पावलं. मध्ये फक्त भाताचा एक बांध आडवा येतो…

अरे, आपल्याकडे काय नवीन आहे का हे? वीस वर्षं बालिकपापान शहरात राहिलास म्हणून सगळं विसरलास? जमीन जाते, घर माणसाबरोबर जातं. शेजारच्या मुत्तालिबने नाही का त्याचं घर नेलं नदीकाठी? तू तेव्हा बांबूला लोंबकळत होतास, आणि म्हणे मीच उचललं…

मग त्या साहेबांना नक्की पाहिजे तरी काय? जमीन की घर?… दोन्ही. पण घर जास्त… घर नसेल तर जमीन नको? असं कुठे असतं?…

पाहुण्यांसाठी खोल्या. शहरातले पाहुणे… उपे, इथे कोण येणार रे राहायला? वीज दिवसातून दोनदा जाते. डॉक्टर होडीने येतो, तोही मंगळवारी, तोही तळ्याला पाणी असलं तर. शाळेत चार वर्ग आणि एक मास्तर…

शांतता पाहिजे त्यांना? शांतता! थांब, फोन वर धरते… ऐकलीस? ही आपली शांतता…

हो, रस्ता येणार, ऐकलंय. सरकारी माणसं ते तीन पायांचं यंत्र घेऊन आली होती मोजायला. तेव्हापासून भाताचा भाव कुणी विचारत नाही, जो तो जमिनीचा भाव विचारत फिरतो. खुंट्यांना लाल पट्ट्या बांधून गेली. पट्ट्या बकऱ्यांनी खाल्ल्या, रस्ता अजून यायचाय…

बरं, दिसतात कसे हे तुझे साहेब?… पांढरा शर्ट… चष्मा… आणि गळ्यात कॅमेरा…

उपे…

अरे, तो आलाय! सकाळीच होडीतून उतरला. मला वाटलं टीव्हीवाला, घर हलवायचं चित्रण करायला आलाय. कॉफी दिली मी त्याला. केळीच्या पानात वाफवलेलं गोड बारोंग्को दिलं, तीन खाल्ली. घरभर फिरला. मधल्या खांबाला केळ्यांचा घड न् नारळ बांधलेला बघून विचारलं, हे काय? मी सांगितलं, ही घराची बेंबी, हिला खाऊ घालावं लागतं. तर खांबाला हात लावून उभाच राहिला. डोळ्यांत पाणी! म्हणतो, ‘माझ्यासाठी एवढं?’ मी म्हटलं, हो हो, तुमच्यासाठीच. पाहुण्याला नाही कसं म्हणायचं?…

मला काय ठाऊक! नाव सांगितलंही असेल त्याने. इथे कुणाचं कुणाला ऐकू येतंय का?…

आत्ता?… थांब, बघते… हां. पुढच्या बांबूपाशी उभा आहे. बूट काढलेत. जोहार काका शिकवतायत त्याला, खांदा कसा लावायचा ते…

ओरडू नकोस रे कानात! थांबवू म्हणजे कुणाला थांबवू? शंभर माणसं बांबू खांद्यावर घेऊन उभी आहेत…

हो. मी म्हटलं तर थांबतील. इमामसाहेब माझ्याकडेच बघतायत. ज्याचं घर त्याने मान हलवायची, मग ते आकडे मोजतात… नाही, नाही हलवत! किती वेळ झाला, मान ताठ धरून उभी आहे मी…

अहो इमामसाहेब, जरा थांबा! भाऊ आहे फोनवर!…

बोल. लवकर बोल. घर त्यांना दिलं, तर मी कुठे जायचं?…

तुझ्याकडे. दोन खोल्यांत. तुम्ही पाच जण आणि सहावी मी… नुराएनीला विचारलंस?… तुझ्या बायकोला रे! विचारलंस का?…

म्हणजे नाही विचारलंस. विषय बदलू नकोस…

काय?… इथेच राहू? त्यांच्याकडे कामाला… पाहुण्यांचा स्वयंपाक करायला. आईच्या चुलीवर. पगारी…

उपे, सकाळपासून खुशीत होते रे मी. म्हटलं, भावाने जमीन विकली, विकू दे, त्याचीच आहे, पोरं शिकतील त्याची. मला एवढंच वाईट वाटत होतं की आता खिडकीतून तळं दिसणार नाही. आणि तू…

शिव्या नाही देत आहे. मला समजत नाहीये. तू वाईट नाहीस हे मला माहीत आहे, मग हे केलंस कसं, तेच समजत नाहीये…

विसरलास? आपल्याकडे घर जमिनीपासून वेगळं असतं हे विसरलास? की मी वेगळी असते हे?…

रडू नकोस. रडू नकोस म्हणते ना. थांब, मीच सांगते त्यांना…

आत्ताच. मग काय, उचलून झाल्यावर सांगू?… विदार्तो साहेब! ओ साहेब! अहो, हे घर तुम्हाला नाही विकलेलं! जमीन विकली भावाने, घर माझं आहे!…

काय म्हणतायत?… ‘मग हे सगळं माझ्यासाठी नाही?’ विचारतायत… नाही साहेब. माफ करा. तुमच्यासाठी नाही. जमीन नको असेल तर भावाशी बोला, तो बघेल, पण हे घर नाही!…

हसतायत रे बाकीचे… नाही, ते नाही हसत. लाल झालाय बिचारा. इकडे बघतोय, तिकडे बघतोय… मला वाटलं बूट घालून निघून जाईल…

नाही गेला. खांदा आहे तिथेच आहे. म्हणतोय, आता सोडला तर शेजारच्यावर भार येईल…

अरे देवा. असा माणूस आणि तू त्याला फसवलंस. बोल त्याच्याशी नीट. आजच बोल…

इमामसाहेब, हो! हो, मोजा!…

हलवली मान, उपे. हलवली…

…उचललं. उचललं रे! सगळं एकदम वर आलं. आईची खिडकी बघ कशी डुलतेय… हो, मी पण रडतेय, मग काय करू? रडते…

खाली? खाली काही नाही. खांबांखालचे दगड, आणि आईची ती हरवलेली कढई. एवढीच होती होय तुझी जमीन? केवढीशी दिसतेय…

ईदला कुठे येऊ म्हणजे? असं काय विचारतोस वेड्यासारखं? मशिदीच्या मागे ये. घरी…

ठेव आता. ठेव रे. घर पुढे गेलं, मी इथेच उभी आहे.