मोडायची गॅरंटी

चहा येईपर्यंत आमच्या नागनाथचं ऐका. माणूस चाळिशीचा, नोकरीनं तलाठी, पण जीव सगळा रिमोटवर पळणाऱ्या खेळण्यातल्या मॉन्स्टर ट्रकमध्ये. नायगावला भावाच्या शेतात ट्रॉलीला फळी लावून तो ट्रक उडवायचा. ट्रक खाली आपटला की चाकावरचा प्लॅस्टिकचा शॉकअप मोडायचा. नांदेडला रविवारी उड्यांची शर्यत होती, म्हणून हा दुकानात जाऊन म्हणाला, "कधीच न मोडणारे शॉकअप द्या." दुकानदारानं गॅरंटीसकट धातूचे दिले.

शेतातल्या सरावात पहिल्या उडीत शॉकअपला ओरखडाही न्हाई, पण चाकाचा दांडा तुटला. यानं दांडाही धातूचा बसवला. दुसऱ्या उडीत ट्रकचा सांगाडाच तडकला.

मी तो सांगाडा हातात घेऊन विचारलं, "आधी काय मोडायचं?"

"शॉकअप."

"आन् तवा सांगाड्याला काय व्हायचं?"

"काहीच न्हाई."

नागनाथनं सांगाडा माझ्या हातातून घेतला. मग हळूच म्हणाला, "म्हंजे गड्या, सगळा मार तो शॉकअपच खाऊन राहिला होता."

सांगाडा बदलायला आम्ही पुन्हा त्याच दुकानात गेलो. नागनाथनं गंभीरपणे विचारलं, "वेळेवर मोडणारे शॉकअप हायेत का?"

दुकानदारानं चष्मा काढून आमच्याकडं पाहिलं. मग तेच जुने प्लॅस्टिकचे चार काउंटरवर ठेवले.

"घेऊन जा," तो म्हणाला. "न मोडायची गॅरंटी देताना मला दरवेळी धाकधूक असायची. ही मोडायची बिनघोर देतो."