ऊन लागलेली परी

नाही नाही, माझी नाहीये ही. बघितल्याबरोबर सांगते ना — हा डबा समोरचीचा, ही निळी फीत समोरचीची, म्हणजे परी पण समोरचीचीच. माझ्याकडे फीत-बीत नसते, मी आपली साध्या खोक्यात कापूस घालून देते. तुमची चूक नाही हो, सगळेच गोंधळतात — रस्त्याच्या ह्या बाजूला पऱ्या, त्या बाजूला पऱ्या, माणसानं ओळखायचं कसं? आणि तिचं दुकान आज बंद, म्हणून तुम्ही इकडे आलात, होय ना? नाही, वाईट नाही वाटलं मला. म्हणजे वाटलं थोडं, पण ते राहू दे. नातीची आहे म्हणता, शाळेतून आली आणि पंख तुटलेला दिसला की घर डोक्यावर घेईल म्हणता — मग काय तशीच परत पाठवू तुम्हाला? परीनं काय पाप केलंय. द्या इकडे. ती खुर्ची नको, तिचा एक पाय डुगडुगतो, ह्या स्टुलावर बसा. आणि टेबलाला हात नका लावू — तो पांढरा गोळा दिसतोय ना, कच्ची क्ले आहे ती, पऱ्या करायची माती, आणि पांढऱ्या क्लेइतकी चहाडखोर वस्तू जगात नाही, तुमच्या स्वेटरचा एक धागा उडाला तरी पोटात धरून ठेवते आणि भाजल्यावर सगळ्यांना दाखवते. म्हणून तर मी काम करताना रंगीत कपडा अंगाला लावत नाही.

समोरची म्हणजे कोण माहितीये का तुम्हाला? माझी शेजारीण. भिंतीला भिंत लागून घर. ह्याच टेबलावर, तुम्ही बसलाय ना तिथंच बसायची. आली तेव्हा क्ले मळता येत नव्हती तिला — भाकऱ्या थापल्यासारखी बडवायची — म्हटलं, अहो ताई, तळहाताची ऊब द्या तिला, मऊ होईपर्यंत धीर धरा. सगळं शिकवलं. अक्रोडाच्या कवचात पाळणा कसा करायचा, परीचे मोजे वाळत घालायची दोरी कशी ताणायची, मशरूमच्या घराला बिजागरीचं दार कसं बसवायचं, जुन्या टूथब्रशनं दगडाचा खडबडीतपणा कसा उठवायचा — काही हातचं राखलं नाही. बहीण मानली हो. आणि मग एक दिवस तो बोर्ड रंगवणारा आला, माझा बोर्ड त्यानंच रंगवलाय, आणि मला म्हणतो कसा — ताई, अभिनंदन, समोर दुसरी शाखा काढताय वाटतं. मी त्याला पाणी दिलं. हसले पण. काय करणार, त्याला काय माहीत, तो बिचारा तिचा बोर्ड रंगवून माझ्याकडे गप्पा मारायला आला होता. गुरूची विद्या गुरूला फळली म्हणतात ना, तसं. तेव्हापासून आमचं बोलणं नाही. जिन्यात समोरासमोर आलो तर ती पर्समध्ये किल्ली शोधायला लागते आणि मी वर छताकडे बघते.

बरं, पंख बघू. हं. मुळाशी तुटलाय — तार आतपर्यंत गेलेली नाही. नवशिक्याचं काम. पंखाचा देठ कच्चा असतानाच पाठीत रुतवायचा असतो आणि मग दोन्ही एकदम भाजायचं, इथं पाठ आधी भाजलीय आणि पंख मागाहून डकवलाय. एवढ्याशा घाईनं काम जातं बघा. मी भोक पाडून तार बसवते, डिंक लावते, वाळेपर्यंत मात्र तुम्हाला थांबावं लागेल. घाई नाही ना? मग झालं. हं, बसली तार, आता वाळू दे.

पण बाकी काम — थांबा, दिवा जवळ घेऊ दे. बाकी काम वाईट नाही, बरं का. पावलं बघा. पायाची बोटं सुटी केलीत, सुईनं, एकेक. करंगळी जरा आत वळलेली, माणसाची असते तशी. समोरचीला हे कधी जमायला लागलं? माझ्याकडे होती तेव्हा तिच्या पऱ्यांना पावलंच नसायची, झग्यात लपवायची — अहो तिचा हात जड, वरवंट्यासारखा, मी तोंडावर सांगायचे तिला. आणि हे नाक. नाक जरा मोठं आहे. नाही, मोठं नाहीये, बरोबर आहे, असं नाक असतं कुणाकुणाचं. गुडघ्याला खळी पण केलीय. छे, हे तिचं नाही. कुणीतरी कामाला ठेवलंय तिनं. आणि जिला ठेवलंय तिचा हात — आता तुमच्यापुढे कशाला खोटं बोलू — चांगला हात आहे. माझा ह्या वयात असा नव्हता. कुठल्या वयात म्हणजे? नाही, कळतंच ते, तरुण हात आहे, न घाबरता दाबलंय.

आणि गालाला लाली पण दिलीय बघा, डाव्याच गालाला. माझीच नक्कल. ती एक गंमत आहे, सांगते. माझा घरचा ओव्हन जुना, सासूबाईंच्या वेळचा, त्याच्या मागच्या कोपऱ्यात आच जास्त. पहिल्यांदा एका परीचा डावा गाल तिथं करपला — करपला म्हणजे काळा नाही, तांबूस — मी ती टाकूनच देणार होते, तेवढ्यात एक चिमुरडी आली दुकानात, तिनं नेमकी तीच उचलली आणि आईला म्हणाली, हिला ऊन लागलंय, मला हीच पाहिजे. झालं. तेव्हापासून प्रत्येक परीचं डोकं मी त्या कोपऱ्याकडे करूनच ठेवते. लोक विचारतात कोणता रंग वापरता, मी नुसती हसते. ओव्हन दुरुस्त करणाराही एकदा येऊन गेला, म्हणाला आच सगळीकडे सारखी करून देतो, त्याला दारातूनच वाटेला लावलं. समोरचीला मी सगळं शिकवलं म्हटलं ना, ते एवढं एक सोडून. कोपऱ्याचं कुणालाच सांगितलं नाही. तिनं मग नवा ओव्हन घेतला, झगझगीत, आच एकसारखी, आणि तिच्या पऱ्या निघतात पिठासारख्या पांढऱ्याफटक, म्हणून ती वरून लाल खडूची भुकटी चोळते. बोटाला लागते ती. दाखवू? हे बघा, कापसाला थोडं स्पिरिट लावते, गालावरून एकदा फिरवलं की लाली कापसावर —

कापूस पांढराच आहे.

थांबा हं. अजून थोडं स्पिरिट घेते. नाही, जोरात नको, नातीची आहे. निघत नाहीये. खडू नाहीच हा. आतून आलाय रंग, आणि कडा बघा कशी — कानाजवळ गडद आणि हनुवटीकडे विरत गेलेली. खडूला अशी कड येत नाही. रंगाला येत नाही. ही आचेची कड आहे. मी हजार वेळा बघितलीय ही, मी झोपेत ओळखेन.

म्हणजे ही माझ्या ओव्हनमध्ये भाजलीय.

नाही, दुसऱ्या ओव्हनमध्येही असं होत असेल, होय, म्हणता ते खरंय. ओव्हन काय जगात एकच आहे का. पण डावाच गाल? आणि कानाकडूनच? जाऊ दे. तुम्ही पाणी घेता का? मीच घेते. तर काय सांगत होते — ओव्हन घरी आहे, घराला कुलूप आहे, किल्ल्या दोनच. एक माझ्याकडे, ही काय कमरेला. हे तर बाहेरगावी नोकरीला, त्यांच्याकडे किल्ली नसतेच. मी सकाळी दुकान उघडते ती दिवेलागणीपर्यंत इथंच. दुपारची घरी असते ती लेक. कॉलेजातून येते, जेवते, अभ्यास करते. तिचा काय संबंध? तिला क्लेचा वासही सहन होत नाही, डोकं दुखतं म्हणते. मी किती विनवण्या केल्या असतील — अगं, एक पान तरी लाट, एक मशरूम तरी कर, बस ना गं माझ्याजवळ घटकाभर — तर म्हणायची, आई, बालिश आहे ते सगळं. मैत्रिणींना सांगून ठेवलंय की माझ्या आईचं वह्या-पेनांचं दुकान आहे. मला एका मैत्रिणीनंच सांगितलं, वही मागायला आली होती. म्हटलं मोठी होतेय, लाज वाटते ह्या वयात आईची, जाईल ती लाज.

पण परवा घरी गेले तर स्वयंपाकघराच्या खिडक्या सताड उघड्या, एवढ्या थंडीत. काय गं, म्हटलं. तर म्हणे टोस्ट करपला. बरं म्हटलं. त्याच्या आदल्या आठवड्यातही टोस्टच करपला होता. मी आपली ब्रेड जरा कमी आणायला लागले — हसू नका, खरंच कमी आणायला लागले. नाही, ती दार उघडून देत असेल, एवढंच. समोरचीनं गोड बोलून गळ घातली असेल, पोर भिडस्त आहे, मावशी म्हणायची तिला. ओव्हन वापरू दिला असेल. एवढंच असेल. एवढं असलं तरी कुंपणानंच शेत खाल्लं म्हणायचं, पण एवढंच असू दे.

केस बघायला नको होते मी.

तुम्हाला नाही दिसणार, भिंग धरा, असं. केस सुईनं कोरतात, वरून खाली, एकेक बट. उजव्या हातानं कोरलं की प्रत्येक रेघ शेवटी जराशी एका बाजूला झुकते — ही माझी परी, खिडकीतली, हिच्याशी ताडून बघा. समोरचीच्याही अशाच, ती पण उजव्या हाताची. आणि ही तुमची. उलट्या झुकल्यात ना? सगळ्या. एकही चुकार नाही. डावखुऱ्या माणसाशिवाय अशी रेघ कुणाला ओढता येत नाही हो, मी ओढू म्हटलं तरी मनगट वळत नाही.

आमच्या घरात डावखुरी एकच आहे. लहान होती तेव्हा सासूबाई तिच्या डाव्या हातावर पट्टी मारायच्या, उजव्यानं खा, उजव्यानं लिही. त्या हातासाठी मी सासूशी भांडले. जन्मात कधी उलट बोलले नव्हते त्यांना, त्या दिवशी बोलले — म्हटलं, माझ्या लेकीचा हात आहे, त्याला हात लावायचा नाही. दोन महिने त्या माझ्या हातचं जेवल्या नाहीत. आणि तोच हात — बघा, काय सुंदर केलंय तिनं, बटेच्या टोकाला सुई कशी अलगद उचललीय. हे मी शिकवलं नाही. मग कुणी शिकवलं? समोरचीला येत नाही. मी घरी काम घेऊन बसायचे तेव्हा ती तिकडे पाठ करून बसायची, कानात गाणी लावून, मोबाइलमध्ये डोकं घालून. बघत होती. चोरून बघत होती, कोपरासुद्धा बघून ठेवला, तो तर मी तोंडानं कधी उच्चारलाही नव्हता. शिकली माझ्याकडून आणि नेऊन दिलं तिला. त्या बाईच्या निळ्या फितीत बांधून.

मला सांगितलं असतं तर मी काय केलं असतं? काय केलं असतं म्हणजे, आनंदानं वेडी झाले असते. टोकलं असतं थोडं, ते खरंय. पंख मागाहून डकवलाय हे सांगितलं असतंच, नाकाचं बोलले असते. पण आईनं टोकायचं नाही तर कुणी टोकायचं? समोरची टोकत नसणार. वा गं वा, किती छान, म्हणत असणार. तिला काय, तिचं काय जातंय, तिची लेक थोडीच आहे. तिनं माझी कला नेली तेव्हा मी म्हटलं होतं, नेऊ दे, कला काय कुणाच्या बापाची नसते. लेक कशाला नेली? मला एकच सांगा, ही घेताना दुकानात कोण होतं? उंच मुलगी होती का, केस कापलेले — नको, सांगू नका. मान पण हलवू नका. तुमच्या तोंडून कळायला नको मला.

फोन वाजतोय. तिचाच आहे. रोज ह्याच वेळेला करते — आई, निघालीस का, आई, किती वाजता येतेस. मी आपली कौतुकानं सगळ्यांना सांगायचे, बघा, लेक कशी काळजी करते माझी. काळजी. आवरायला किती वेळ आहे ते विचारत होती. एक मिनिट हं.

हं, बोल गं. नाही, एवढ्यात नाही. एक गिऱ्हाईक आलंय, मोठं काम आहे. उशीर होईल आज, बराच उशीर. तू जेवून घे. हो. सावकाश चालू दे तुझा अभ्यास.

खोटं बोलले मी तिच्याशी. आयुष्यात पहिल्यांदा. आता घरी जाते, लगेच, चपला जिन्यातच काढून ठेवते आणि कडी न वाजवता आत जाते. भांडायला नाही हो. भांडण सुचत नाहीये मला. मला तिला टेबलाशी बसलेली बघायचीय, एवढंच, ती कशी बसते, मान किती वाकवते, सुई कुठल्या बोटांत धरते. तिनं मागं वळून बघितलं की संपलं, मग आमच्यात काय राहील कुणास ठाऊक. पण त्याच्या आधी घटकाभर तरी मी दारात उभी राहणार.

घ्या तुमची परी. पंख अजून ओला आहे, डब्याचं झाकण लावू नका. उठा आता, मला शटर ओढायचंय.