रविवार कुणाच्या वाट्याचा

डोळ्यांत थेंब टाकून डॉक्टरांनी त्याला बाहेरच्या बाकावर डोळे मिटून बसवलं होतं. त्यामुळे शेजारच्या बापलेकीचं बोलणं ऐकण्यावाचून त्याला गत्यंतरच नव्हतं.

“तुमच्या कंपनीत हायड्रोजन पाण्यातून काढता, त्याला लागणारी वीज पवनचक्कीची. मग धूर मोजायला तुला पगार कशाला देतात?”

“ती वीज आधी शहराला जायची, बाबा. आम्ही उचलली की शहरासाठी कोळसा जास्त जळतो. तो धूर आमच्या नावावर.”

“म्हणजे चूल शेजाऱ्याची आणि खोकायचं तुम्ही!”

“तसंच. आमच्यासाठी नवी पवनचक्की उभारली, तरच कुणाचं काही घेतलं नाही म्हणायचं.”

“मग दर रविवारी माझ्याकडे येतेस, तो रविवार कुणाचा उचलतेस? जावयाचाच ना? आता येऊ नकोस. भांडायला मला रेडिओ आहे.”

“कुणाचा नाही उचलत. नवाच आहे.”

“नवा कसा?”

“तो वेगळा राहतो, बाबा. वर्ष झालं.”

“आणि मी दर वेळी त्याला नमस्कार सांगत होतो.”

“हो. माझ्याकडेच साठलेत सगळे.”

“शनिवारी काय करतेस?”

“काही नाही.”

“मग शनिवारीच येत जा राहायला. भाजी खारट होते माझ्या हातून, आत्ताच सांगतो.”

“चालेल.”